पहिल्या नावाचा मान

मृणाली शिवलकरने तीन वर्षं ट्रान्झिस्टरवर गॅमा किरण पाडून ते किती बिघडतात हे मोजलं, मान मोडेस्तोवर आलेख काढले, सगळा पेपर एकटीने लिहिला, आणि त्या पेपरवर लेखक म्हणून आठ नावं लागली. शेवटचं तिचं. पहिलं होतं संस्थेचे अध्यक्ष अनिलशेठ यांचं. अनिलशेठांचा धंदा आंब्याचा आणि लॉजिंगचा. ट्रान्झिस्टर म्हटला की त्यांना एवढंच ठाऊक होतं की त्यावर पूर्वी गाणी लागत.

नावं लावली होती तिचे गाईड डॉ. काशीराम घवाळी यांनी. घवाळी सर तसे वाईट नव्हते. कोणाला वाकडं बोलणार नाहीत, कोणाचं काम अडवणार नाहीत, आणि स्वतःही फारसं काही करणार नाहीत. पण त्यांचं गाव संगमेश्वराकडचं, आणि तिथे शिमग्यात देवीची पालखी निघते तेव्हा पहिला खांदा घवाळ्यांचा. त्या मानासाठी सरांचे आजोबा भावकीशी कोर्टात भांडले, वडिलांनी भांडण नेटाने चालू ठेवलं आणि सरांना ते वारशात मिळालं. त्यामुळे जिथे म्हणून माणसांची नावं एकाखाली एक येतात, तिथे सर आधी मानपान बघत. बाकीचं नंतर, वेळ उरला तर.

“अगो, पालखी नाचवतात कोण? पोरंच ना?” त्यांनी मृणालीला समजावलं होतं. “पण पहिला खांदा मानकऱ्याचा. तू नाचव गो. तुला कोण नको म्हणतंय?”

“सर, पहिलं नाव माझं नसेल तर विद्यापीठ प्रबंध घेणार नाही. आणि माझी मुदत दिवाळीपर्यंतच आहे.”

“पुढच्या पेपरला घालू तुझं पहिलं.”

“पुढचा पेपर कुठाय?”

“तो तू लिहिशील ना!”

नावं लागली ती मानाप्रमाणेच. अध्यक्षांखाली प्राचार्य, त्यांच्याखाली सर, मग यंदा निवृत्त होणाऱ्या विभागप्रमुख बाई, त्यांना निरोपाची भेट म्हणून. मग सरांचा भाचा गौरव. तो लोट्याला केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा, आणि केमिस्ट्री म्हणजे तसं जवळचंच, असं सरांचं म्हणणं. पुढची दोन माणसं कोण हे मृणालीने विचारलंच नाही. तिला इतका संताप आला होता की विचारलं असतं तर रडू फुटलं असतं. सरांसमोर रडायचं नाही एवढं तिने पक्कं ठरवलं होतं. तिने पेपर तसाच धाडून दिला.

आता थोडं कामाबद्दल. किरण पाडायची सोय मुंबईला. तिथून ट्रान्झिस्टर चांदीच्या कागदात गुंडाळून आणायचे ते बर्फात, कारण किरणांनी झालेली इजा उबेत हळूहळू भरून येते, आणि मोजायच्या आधीच ती भरली तर मोजणार काय? मृणालीने त्यासाठी मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा थर्माकोलचा डबा आणला होता. घासूनपुसूनही त्याचा वास गेला नव्हता, आणि कोकण रेल्वेत तिच्या शेजारचा माणूस दर वेळी पापलेटचा भाव विचारायचा. एकदा तिने तो सांगूनही टाकला होता.

पावसाळा सरता सरता मासिकाकडून उत्तर आलं. परीक्षकाने एकच गोष्ट पकडली होती. बाकी सगळे ट्रान्झिस्टर बिघडले ते बिघडलेलेच होते, पण एप्रिलची खेप मोजली तेव्हा अर्धीअधिक बरी झालेली होती. ती मधल्या काळात कुठे होती? आणि संपादकांनी कळवलं होतं की प्रत्येक लेखकाने आपण काय काम केलं ते स्वतः लिहावं आणि या आकड्यांची जबाबदारी घ्यावी. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी लेखी कळवून नाव काढून घ्यावं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये ओळखीचे सगळे मानकरी जमले. गौरव तेवढा फोनवर होता. मृणालीने पत्राचा मराठीत अर्थ सांगितला. पदरचं काही घातलं नाही, पण कोणाला धीरही दिला नाही.

“जबाबदारी म्हंजे?” अनिलशेठांनी चहाचा कप खाली ठेवला. “आत टाकतात काय?”

“नाही हो. आकडे खोटे ठरले तर पेपर मागे घेतात. आणि नावं इंटरनेटवर राहतात.”

“किती दिवस?”

“कायमची,” मृणाली म्हणाली. “पहिल्या नावापासून.”

मग जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. एका सहीसाठी माणसाला आठवडाभर फेऱ्या मारायला लावणारी ही मंडळी संध्याकाळच्या आत सह्या करून मोकळी झाली. अनिलशेठांनी लिहिलं की सदर संशोधनाशी आपला दुरान्वयेही संबंध नाही. प्राचार्यांनी लिहिलं की आपण त्या काळात प्रशासकीय कामात गुंतलो होतो. बाईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे केलं. गौरव कंपनीच्या बसमधून ओरडून म्हणाला, “मामानं माझं नाव घातलंन ते मला ठाऊक तरी होतं काय?” मृणालीने कधीही न विचारलेली ती दोन माणसंही कुठून तरी उगवली आणि नावं काढून गेली. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट लिहून दिली होती, आम्ही काहीही केलेलं नाही, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

उरले घवाळी सर. गाईडला पळून जाता येत नाही.

“ती एप्रिलची खेप गाळून टाक,” बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले. “कशाला नसती कटकट?”

“सर, कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता तेव्हा तो डबा तुमच्याकडे ठेवला होता. बर्फातच होता ना?”

“बर्फातच तर! दुसरीकडे कुठे असणार?” असं म्हणून सर घाईघाईने जिना उतरले. त्यांना एवढ्या चपळाईने उतरताना मृणालीने कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेली. सरांच्या बायकोने, मथुराकाकूंनी, घावणे वाढले आणि विषय काय म्हणून विचारलं. मृणालीने सांगितला. सर ताटात बघून खात राहिले.

“ती चांदीच्या कागदातली पुडी ना?” काकू म्हणाल्या. “ती ह्यांनीच काढलंनीत डब्यातून. गुहागरास्नं ह्यांचे मित्र आले सुरमई घेऊन. आमच्या फ्रीजचा बर्फ पुरेना. मी म्हटलं, अहो, त्या पोरीचं काय ते असेल, तर म्हणतात, सुरमई सडेल, लोखंड काय सडतंय! मग मी पुडी शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवली. पाहुणे चांगले चार दिवस राहिले. पाहुणे गेल्यावर ह्यांनीच नवा बर्फ आणून पुडी परत आत घातलंनीत. का गो, बिघडलं काय?”

“बिघडलं नाही काकू, सुधारलं,” मृणाली म्हणाली आणि तिला हसू आवरेना. सरांकडे बघून राग यायला हवा होता, तो आला नाही. कोडं सुटल्याचा आनंदच इतका होता. शेगडीच्या उबेने किरणांची इजा भरून आली होती, आणि तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी.

प्रयोगशाळेत किरण पाडलेले काही ट्रान्झिस्टर बर्फात शिल्लक होते. ते तिने काकूंच्या फळीइतक्याच उबेत मुद्दाम ठेवून मोजले. तेही तसेच बरे झाले. हे पेपरात घालून दुसऱ्या रविवारी तिने येऊन सांगितलं आणि सरांचा चेहरा एकदम उजळला.

“म्हंजे शोध माझ्या स्वयंपाकघरात लागला!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “आणि आता तर शेठ नाय, प्राचार्य नाय. मग पहिलं नाव माझंच आलं की गो!”

आठातली सहा नावं गेली होती, तरी तिचं पुन्हा शेवटचंच. आणि या वेळी तर सर मनापासून खूश होते, यात कोणाला काही लागेल हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“पुडी फळीवर मी ठेवली,” काकू आतून म्हणाल्या. “मग माझं पहिलं का नाय?”

मृणालीने लॅपटॉप सरांपुढे सरकवला. “घाला सर, पहिलं घाला. पण नावासमोर काय केलं ते लिहायचंय. मी तीन वर्षं तुमचं सगळं लिहिलं, हे लिहिणार नाही. हे तुम्ही लिहा.”

सरांनी चष्मा चढवला. एका बोटाने टाईप केलं, संशोधनाची मूळ कल्पना.

काकू हात पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या. इंग्रजी त्या सावकाश वाचत, पण वाचत. “कल्पना सुरमईची होती,” त्या म्हणाल्या.

सरांनी ते खोडलं. थोडा विचार करून लिहिलं, मार्गदर्शन.

“कुठलं, सर?” मृणालीने विचारलं. ती चिडवत नव्हती. सरांनी मान वर करून आठवायचा प्रयत्न केला. बराच वेळ केला. शेवटी तेही खोडलं.

मग त्यांनी कोणी काही न सांगता आपलं नाव उचलून खाली आणलं आणि वर तिचं ठेवलं. त्यांचे कान लाल झाले होते. आपल्या नावासमोर त्यांनी सावकाश, अक्षरं शोधत लिहिलं, ‘एप्रिलच्या खेपेचे नमुने मासे ठेवण्यासाठी बर्फातून काढले, ते चार दिवस स्वयंपाकघरात राहिले, आणि ही गोष्ट मी लपवली.’

सरांच्या नावावर तोवर चाळीसेक पेपर होते. त्यांत त्यांनी स्वतः लिहिलेलं हे पहिलंच वाक्य. ते वाचताना मृणालीला तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि तसा तो वाटावा याचा थोडा रागही आला.

“बरोबर हाय काय गो?” सरांनी विचारलं. असं त्यांनी तिला आजवर कधी विचारलं नव्हतं.

“बरोबर आहे, सर,” ती म्हणाली, आणि त्यांचा विचार बदलायच्या आत तिने पेपर पाठवून दिला.