गठ्ठा कुणाच्या खोलीत होता?

मास्तर गेले त्याच दिवशी संध्याकाळी शाळेतून निरोप आला. शनिवारी सकाळी दहाला सभागृहात शोकसभा, अध्यक्षस्थानी मोठे सर. निरोप वाचून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाने वडिलांना त्या शाळेतून घालवलं, तोच आता त्यांच्यावर फुलं उधळणार!

"मी बोलणार," ती म्हणाली.

"बोल. पण जपून," आई म्हणाली.

"ताई आणि जपून?" धाकटा भाऊ पुटपुटला.

मास्तरांनी तिथे बावीस वर्षं गणित शिकवलं होतं. पहाटे उठून पवित्र शास्त्रातला एक अध्याय, मग दोन्ही मुलांच्या बुटांना पॉलिश, मग शाळा. त्यांची पट्टी फक्त रेघा मारायला होती. रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसून ते मोठ्याने आणि हमखास बेसूर गायचे, तेव्हा धाकटा लाजून बाकाखाली शिरायचा. बायकोला भाजी चिरून द्यायचे, आणि फोडी सारख्या आल्या नाहीत तर स्वतःवरच चिडायचे.

तेरा वर्षांपूर्वी संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या गणितात नापास झाला. मुख्याध्यापक होते मोठे सर. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "जरा हात सैल सोडा."

मास्तर म्हणाले, "सर, सात आणि पाच बाराच होतात. हात सैल सोडला तरी बाराच."

आठवड्याभरात नऊ पेपरांवर गुण वाढवल्याची खाडाखोड निघाली. पेपरांचा गठ्ठा पहिल्या दिवसापासून मास्तरांच्याच कपाटात होता, असं मोठ्या सरांनी चौकशीत शपथेवर सांगितलं. मास्तरांची नोकरी गेली. मग एका गोदामाच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायचं काम मिळालं, आणि 'खाडाखोड मास्तर' हे नाव गल्लीभर झालं. पुतण्याचा पेपर दुसऱ्याने तपासला. तो पास झाला.

त्याच वर्षी गणिताचं पहिलं बक्षीस थोरलीला मोठ्या सरांच्या हातून घ्यावं लागलं. "पेपर वडिलांनी तर तपासला नव्हता ना?" ते माइकवर म्हणाले. सभागृह खदखदून हसलं. पंधरा वर्षांच्या पोरीने ते हसू गिळलं, पण ते कधी पचलं नाही.

आणि घरी काय? जेवणाआधीच्या प्रार्थनेत मास्तर मोठ्या सरांचं नाव घेऊन त्यांच्यासाठी आशीर्वाद मागायचे. सगळे आमेन म्हणायचे. थोरली दाताखाली जीभ धरून बसायची.

एकदा त्यांनी विचारलं, "तू आमेन म्हणत नाहीस?"

"देवाला खोटं कशाला सांगू, बाबा?"

मास्तरांनी जरा विचार केला. "बरं. तुझ्या वाटचं मी म्हणतो."

शाळेचा निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी दफन झालं. लोक पांगल्यावर शाळेचा निवृत्त शिपाई तिच्याजवळ येऊन उभा राहिला. हाताची माती पुसत तो म्हणाला, "ताई, तो गठ्ठा मीच उचलून मोठ्या सरांच्या खोलीत नेला होता. दोन दिवस तिथेच होता. मग म्हणाले, आता मास्तरांच्या कपाटात ठेव. माझी पोरं लहान होती. तोंड उघडलं असतं तर मी रस्त्यावर आलो असतो."

"बाबांना माहीत होतं?"

"मीच रडत रडत सांगितलं. म्हणाले, तू गप्प राहा, पोरांना शिकू दे."

थोरलीला शिपायाचा राग आला, मोठ्या सरांचा आला, आणि मातीआड गेलेल्या बापाचाही आला.

"शिकली का पोरं?"

"दोघंही."

"मग शनिवारी या. पुढच्या रांगेत बसा."

शनिवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मोठे सर वीस मिनिटं बोलले. मास्तर म्हणजे आपला उजवा हात होता, म्हणाले. मग चष्मा काढून डोळे टिपले. "मध्ये एक कटू प्रसंग घडला. पण मी त्यांना मनातून केव्हाच क्षमा केली होती."

क्षमा! थोरलीच्या मनात तोवर थोडी चलबिचल होती, ती तिथेच संपली. ती मंचावर गेली. लिहून आणलेली चार पानं तिने उघडलीच नाहीत.

"माझे बाबा क्षमा करणारे होते," ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी असले तरी तेवढी मोठी नाही. मोठे सर, सोपं गणित आहे. दोन दिवस तो गठ्ठा कुणाच्या खोलीत होता?"

"बाळ, ही वेळ नव्हे..."

"तेरा वर्षं तुमचीच वेळ होती, सर."

पुढच्या रांगेतून शिपाई उठला. त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. त्याने सगळं सांगितलं, तारीख आणि वारासकट.

मोठ्या सरांनी कागद गोळा केले. चष्मा खाली पडला, तो उचलून द्यायला कुणी वाकलं नाही. ते मंचावरून उतरून मधल्या वाटेने निघाले. एके काळी ते आत शिरले की पोरं ताडकन उभी राहायची. तीच पोरं आता केस पिकलेली बाकांवर बसली होती. ती बसूनच राहिली.

सोमवारी संस्थेचं पत्र आलं. चौकशी पुन्हा होणार होती आणि नव्या ग्रंथालयाला मोठ्या सरांचं नाव द्यायचं रद्द झालं होतं. सूड घेतला की आत रितं रितं वाटतं, असं लोक सांगतात. थोरलीला तसं काही वाटलं नाही. तिला भूक लागली. ती पोटभर जेवली.

आई मात्र शनिवारपासून तिच्याशी बोलत नव्हती. मंगळवारी दोघी मास्तरांचे सदरे घड्या करून पेटीत भरत होत्या, तेव्हा आई म्हणाली, "त्यांना हे आवडलं नसतं."

"माहीत आहे. म्हणून ते असताना मी गप्प बसले."

आईने आणखी दोन सदरे घडी केले. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"त्याचा चेहरा कसा झाला होता गं? मी मान खाली घालून बसले होते. मला काहीच दिसलं नाही."

थोरलीने सदरा बाजूला ठेवला, आईजवळ सरकली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.