आतला आकडा

आईने मोबाइल टेबलावरून पुढे सरकवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हा बघा. हा चालेल ना?"

फोटोत एक म्हातारा खुर्चीत बसला होता, गळ्याला टॉवेल बांधलेला. शेजारी वाकलेली मुलगी त्याच्या तोंडाशी चमचा धरून कॅमेऱ्याकडे बघत होती. चमचा रिकामा होता. बाईंनी फोटो पाहिला आणि मग समोर बसलेल्या त्याच मुलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून नखं कुरतडत होती.

"फोटो लागत नाहीत," बाई म्हणाल्या. "फक्त लिहायचं असतं."

"अगंबाई! चार वेळा काढला हो. सासरे मध्येच मान फिरवायचे."

बाईंनी मोबाइल परत सरकवला. या खुर्चीत बसून त्यांना अकरा वर्षं झाली होती. त्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या. आता परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत कुणाला प्रवेश मिळेल याचा अंदाज सांगायच्या, शंभरात किती, असा. गावभर त्यांना 'टक्केवाल्या बाई' म्हणत, आणि हे नाव त्यांना ठाऊक होतं. पूर्वी पालक मुलांच्या गुणांबद्दल बोलत. आता गुण सगळ्यांनाच असतात, ढिगाने, त्यामुळे पालक दुःख शोधत येतात. फॉर्ममधला अकरावा रकाना अडचणींचा. सुखवस्तू घरांतली माणसं त्या रकान्यासमोर येऊन बसली की घरातली आजारपणं, भांडणं, अपघात असं काय काय उकरून काढत. बाईंना त्यांची किळस यायची. रोज यायची, आणि संध्याकाळी घरी जाताना त्या ती पर्ससारखी खांद्याला लावून न्यायच्या.

त्यांनी फाइल उघडली. गुण उत्तम. पोहण्यात दोन पदकं. सुट्टीत वृद्धाश्रमात सेवा, एकूण नऊ दिवस. असल्या फाइली कपाटात दीडशे होत्या. तिला हव्या असलेल्या विद्यापीठात शंभरातले चार घेत. फाइलच्या कव्हरच्या आतल्या कोपऱ्यात बाईंनी पेन्सिलीने बारीक लिहिलं, ३. मग समोरच्या कागदावर शाईच्या पेनाने ठसठशीत लिहिलं, ३५.

ही त्यांची पद्धत होती. बाहेरचा आकडा ऑफिसच्या मालकांच्या, म्हणजे सरांच्या, नियमाचा. तिसाच्या खाली सांगितलं तर माणसं शेजारच्या ऑफिसात जातात, पन्नासच्या वर सांगितलं तर आपली गरज उरत नाही. आतला आकडा बाईंचा स्वतःचा. तो त्यांनी आजवर कुणालाही दाखवला नव्हता. दिवसभर खोटं बोलायचंय तर कुठेतरी एक खरं लिहून ठेवावं, एवढी गणिताच्या मास्तरणीची खोड त्यांच्यात उरली होती.

"पस्तीस," आई म्हणाली. "म्हणजे तसं वाईट नाही. पण वाढवायला काय करावं लागेल?"

"अकरावा रकाना कच्चा आहे."

"तेच तर! आजोबांचं आहे ना. त्यांना काही आठवत नाही. शिंपी होते ते, चांगले नावाजलेले. आता सुईत दोरा ओवता येत नाही. हिचा जीव आहे त्यांच्यावर." आईने आवाज खाली आणला. "आणि तब्येतीचं काही सांगता येत नाही हो. समजा, काही बरंवाईट झालंच, तर त्याने फरक पडतो का?"

मुलीचं नख कुरतडणं थांबलं.

बाईंनी मुलीच्या बापाकडे पाहिलं. म्हातारा त्याचा सख्खा बाप. हा माणूस आल्यापासून मूग गिळून बसला होता आणि भिंतीवरचे, प्रवेश मिळालेल्या मुलांचे हसरे फोटो बघत होता. आता तरी बायकोला गप्प करेल, असं बाईंना वाटलं. त्याने घसा खाकरला.

"फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?" त्याने विचारलं.

उठावं, दार उघडावं आणि दोघांना हाकलून द्यावं, असं बाईंच्या मनात आलं. पण त्यांची जीभ अकरा वर्षांत चांगली तयार झाली होती.

"मृत्यू नको," त्या म्हणाल्या. "मृत्यू हल्ली सगळेच घालतात. आजारपण जास्त चालतं."

आईने ते लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. गुणपत्रिकांच्या प्रती काढायला बाई बाहेर गेल्या. यंत्रात कागद अडकला होता, तो काढण्यात पाचेक मिनिटं गेली. परत आल्या तेव्हा आईबाप भिंतीवरचे फोटो जवळून बघत होते आणि मुलगी फाइलवर हात ठेवून बसली होती.

पंधरा दिवसांनी मुलगी एकटीच आली. हातात चार कागद होते, हाताने लिहिलेले.

"निबंध आणलाय."

"टाइप करून आणायचा गं. बस."

बाईंनी सवयीप्रमाणे कागद एकेक करून टेबलावर ठेवले आणि मोबाइलने त्यांचे फोटो काढले. आलेला प्रत्येक मसुदा वाचण्याआधी असा टिपून ठेवायचा, हा ऑफिसचा शिरस्ता होता. नावं कापून ते 'नमुने' नावाच्या फोल्डरमध्ये जात आणि पुढच्या मुलांना दाखवले जात. मुलगी त्या वेळी पाठ करून बॅगेतून पाण्याची बाटली काढत होती. बाईंनी मोबाइल पालथा ठेवला, चष्मा लावला.

पहिल्या पानावर आजोबा होते. त्यांना नातीचं नाव आठवत नाही, पण रोज संध्याकाळी ते तिला उभं करतात, गळ्यातली टेप काढतात आणि खांद्याचं माप घेतात. शाळेचा गणवेश शिवायचाय, असं म्हणतात. माप वहीत लिहितात. रोज तोच आकडा, साडेचौदा. आणि रोज टेप गुंडाळताना म्हणतात, 'वाढलीस गं.'

दुसऱ्या पानावर रिकामा चमचा होता. तिसऱ्या पानावर हीच खोली होती. बाप तारीख विचारत होता. पुढे एक बाई, जिचा चष्मा दोरीला बांधलेला आहे, ती म्हणत होती, 'मृत्यू नको. मृत्यू हल्ली सगळेच घालतात.' शब्दन् शब्द तसाच होता. रागाचं एकही अक्षर नव्हतं. शेवटी दोन आकडे होते, कागदावर पस्तीस आणि कव्हरच्या आत तीन, आणि त्यानंतर एवढंच: माझं माप घेणाऱ्यांत मला एकच माणूस असा माहीत आहे, ज्याला त्यातून काही नको आहे.

बाईंचे कान तापले. दोरीला बांधलेला चष्मा त्यांनी काढून हातात घेतला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना.

"फाइल उघडलीस तू," त्या म्हणाल्या.

"हो."

"असं करू नये."

"हो," मुलगी म्हणाली. "आता आतला किती झाला?"

अकरा वर्षांत असा निबंध टेबलावर आला नव्हता. लाज वाटत होती, पण लाजेच्या वर दुसरंच काहीतरी उसळत होतं, वर्गात एखाद्या पोराने अवघड गणित वेगळ्याच रीतीने सोडवावं तेव्हा वाटायचं तसं. त्यांनी फाइल काढली, कव्हर मुलीसमोरच उघडलं, तीन खोडला आणि लिहिलं, १८.

"अठरा?"

"खरे अठरा. मी आजवर नऊच्या वर गेलेले नाही."

मुलीने मान हलवली. मग तिने चारही कागद गोळा केले, घडी घातली आणि बॅगेत टाकले.

"काय करतेस?"

"पोहण्यावरचा दुसरा एक निबंध आहे, तोच पाठवा. आईने कुणाकडून तरी लिहून घेतलाय तो."

"वेडी आहेस का? अगं, अठरा होतायत!"

"मला फक्त बघायचं होतं, किती होतात ते."

"ऐक माझं. आजोबांना काय कळणार आहे? त्यांना तुझं नावसुद्धा आठवत नाही. त्यांचं काय जातंय त्यात? तुझं आयुष्य उभं राहील. लोक काय काय बनवून आणतात, तुझ्याकडे तर खरं आहे, ते असं..."

बोलता बोलता बाई थांबल्या. मुलगी त्यांच्याकडे शांतपणे बघत होती. पंधरा दिवसांपूर्वी याच टेबलाशी ती आपल्या आईकडे असंच बघत असणार.

"मी रोज उभी राहते ना त्यांच्यासमोर, ते कुणाला सांगायला नाही राहत," ती म्हणाली. "ही एवढीच प्रत आहे. म्हणून तर हाताने लिहिला. आईला सांगू नका."

बाईंची नजर पालथ्या मोबाइलवर गेली. आता सांगायला हवं होतं. त्यांनी मोबाइल हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"रबर आहे का?" मुलीने विचारलं.

बाईंनी खणातून रबर काढून दिलं. मुलीने अठरा खोडला, वरचा चुरा फुंकला आणि स्वतःच्या हाताने नीट, बारीक अक्षरात ३ लिहिला. फाइल बंद करून ती सरळ केली, खुर्ची आत सरकवली आणि गेली.

बाईंनी मोबाइल सुलटा केला. चारही पानं स्वच्छ आली होती, एकही हललेलं नव्हतं. पुसून टाकू, त्यांनी ठरवलं. अंगठा पहिल्या पानावर नेला. आधी एकदा, शेवटचं, वाचावं म्हणून तो तिथेच थांबला.

"बाई!" केबिनमधून सरांनी हाक मारली. "आजीवाली एक केस बसलीय इथे. घरच्यांना काही म्हणजे काही सुचत नाहीये. अकराव्या रकान्याचा चांगला नमुना आहे का एखादा?"

"आहे," बाई म्हणाल्या.

तो शब्द त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. या वेळी किळस आली ती स्वतःची. फाइलवर रबराचा थोडा चुरा पडला होता, तो त्यांनी तळहाताने झाडला. मग चष्मा डोळ्यांवर चढवला, मोबाइल उचलला आणि त्या केबिनकडे निघाल्या.

आत कुणीतरी आजीचं वय सांगत होतं.