पोटात अजून काहीतरी जातंय

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या लोहाच्या टॉनिकची बाटली खिडकीशी नेली, उजेडात धरली, हलवली, झाकण उघडून वास घेतला आणि काही न बोलता आपल्या पिशवीत टाकली. त्या फडाफडा बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी चिंगीला पाजत होते, मला उठताही येईना. बाटली कुठे नेताय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंना दाखवायला.

"घरात नवी औषधं काय ती तुझीच," त्या म्हणाल्या आणि चप्पल घालून निघूनही गेल्या.

संशय घ्यायची आमच्या घराला सवयच आहे. माझ्या नणंदेला पोर्फिरिया आहे. रक्ताला लाल करणारा पदार्थ बनवायचं काम तिचं शरीर अर्ध्यावर सोडतं आणि तो अर्धाकच्चा माल आत साचत जातो, असं मला लग्न ठरतानाच समजावून सांगितलं होतं. एरवी तिच्याकडे बघून कुणाला काही कळायचं नाही. पण न चालणारं औषध पोटात गेलं की त्या साचण्याला ऊत येतो. पोटात कळा, गडद लाल लघवी, मग हातापायांतलं बळ जातं, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर श्वासाचंही. आईंचा धाकटा भाऊ असाच गेला. पोट दुखतंय म्हणून नेला, जरा झोप लागावी म्हणून कुणीतरी चांगल्या मनाने औषध टोचलं, आणि नेमकं तेच त्याला चालणारं नव्हतं. कशामुळे गेला हे कळायला मात्र नणंदेचं निदान व्हावं लागलं.

तेव्हापासून आमचा उंबरठा म्हणजे जकात नाका. सर्दीची गोळी असो, खोकल्याचं चाटण असो की हिरड्यांना लावायचं काही, आईंच्या हाताखालून गेल्याशिवाय आत येत नाही. नाव वाचायचं, डॉक्टरीणबाईंना फोन लावायचा, त्या हो म्हणाल्या तरी "नक्की ना?" म्हणून परत विचारायचं. माझ्या बाळंतपणानंतरच्या गोळ्यांना वेगळं कपाट, कपाटाला कुलूप, किल्ली आईंपाशी. बाळंतीण आहे की तस्कर, असं मी नवऱ्याला एकदा म्हटलं होतं. तो म्हणाला, तू नशीबवान, मी शिंकलो तरी माझी झडती होते.

नणंद यावर खो खो हसायची. नवरा तिला बेडकी म्हणतो, कारण चालायला लागली त्याच्या आधीपासून ती पाण्यात. लहान मुलांना पोहायला शिकवण्याची परीक्षा तिला द्यायची होती. याआधी दोनदा नाव घातलं आणि दोन्ही वेळा ऐन दिवशी कळांनी आडवी झाली. चिंगीला टबात कसं धरायचं ते मला तिनेच शिकवलं. मानेखाली नुसता तळवा ठेव वहिनी, म्हणायची, घट्ट धरू नकोस, तिला पाणीच धरेल. माझी चिंगी कुणाकडे जाईना झाली होती त्या दिवसांतही आत्याच्या हातावर मात्र निवांत तरंगायची.

यंदाची परीक्षा चार दिवसांवर आली आणि बेडकी न्हाणीघरात जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली सापडली.

दवाखान्यात आमच्याच डॉक्टरीणबाई होत्या हे नशीब. नसेतून ग्लुकोज लावलं, या आजारावरचं ते काळपट औषध दुसऱ्या शहरातून मागवलं, ते आलंही आणि दिलंही. मागच्या दोन्ही वेळांना एवढ्यावर ती उठून बसली होती. यावेळी उलट झालं. आधी तिला केस बांधता येईनात. मग चमचा धरता येईना. मग डॉक्टरीणबाई रोज तिला एका श्वासात आकडे मोजायला लावायला लागल्या. पाण्याखाली तळापर्यंत जाऊन येणारी मुलगी, ती वीसच्या आतच धापा टाकायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तिघांना बाहेर बोलावलं. औषध लागू पडायला हवं होतं, म्हणाल्या, आणि पडत नाही. "आम्ही आग विझवतोय आणि कुणीतरी मागून लाकूड सारतंय. पोटात अजून काहीतरी जातंय. ते काय आहे ते शोधा, नाहीतर मला तिला श्वासाच्या यंत्रावर घालावं लागेल."

त्या आत गेल्या आणि आम्ही तिघे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. ते बघणं मला आजही आवडत नाही.

नवऱ्याने दातांच्या डॉक्टरला धरलं. महिन्यापूर्वी तिची दाढ भरली होती, तेव्हा भूल दिली होती, तो खोटं बोलत असणार. फोनवर त्या बिचाऱ्याला त्याने इतकं उभं-आडवं घेतलं की त्याने भुलीच्या कुपीचा फोटोच पाठवला. ती चालणारीच होती. आईंनी माझं टॉनिक धरलं, मग चिंगीच्या पोटदुखीचे थेंब, मग माझं अंगावरचं मलम. सगळं पिशवीत भरून त्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मीही काही साळसूद नव्हते. आई दवाखान्यात असताना मी त्यांचं कपाट उघडलं. सांध्यांसाठी त्या कसल्यातरी मुळ्या उकळून पितात, त्याचा काढा त्यांनी लेकीला पाजला असेल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पुडी बांधलेली होती तशी होती. तिच्यावरची धूळसुद्धा मोडलेली नव्हती. तरी कपाट लावता लावता मी शेवटचा खणही उघडून बघितलाच.

दवाखान्यात न्यायचे तिचे कपडे काढायला मी न्हाणीघरात गेले, तिथे फडताळावर पॅडचं पाकीट होतं. तिच्यासाठी मीच आणलेलं. माझी पाळी बाळंतपणानंतर अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे वापरणारी घरात ती एकटीच. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

मी टबाच्या काठावर बसले. बेडकीच्या कळा पाळीच्या तोंडावर येतात आणि पाळी सुरू झाली की ओसरतात. हे मला तिच्याकडे बघून ठाऊक होतं. या वेळी कळा येऊन इतके दिवस झाले आणि पाळीचा पत्ता नाही. माझं डोकं जिथे जायचं तिथेच गेलं. तिला दिवस गेले असणार. पोहायच्या तलावावरचा तो उंच मुलगा, जो तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत येतो आणि आमची खिडकी दिसली की परत फिरतो. आणि मग त्याच्याही पुढचं: दिवस गेले म्हणून तिने काही घेतलं असणार. कपडे कसेबसे पिशवीत कोंबले, चिंगीला पोटाशी बांधलं आणि निघाले.

दुपारी आई जेवायला खाली जातात तेवढा वेळ मला मिळाला. खोलीत दोनच खाटा, शेजारच्या खाटेवरच्या आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. मी स्टूल ओढलं, चिंगीला पाजायला घेतलं, म्हणजे कुणाला वाटावं की वहिनी बसलीय निवांत. आणि हळूच तिला विचारलं, पाळी चुकलीय का.

ती हसली, म्हणजे ओठ हलले.

"वहिनी, तुझं डोकंही आईसारखंच चालायला लागलं." थोडं बोललं की ती थांबत होती. "ती तपासणी इथे आल्या आल्याच झाली. तसलं काही नाही."

मग तारीख विचारली नाही का कुणी, मी म्हटलं. विचारली होती. आई खाटेशी उभ्या होत्या, म्हणून तिने थाप मारली होती, आत्ताच होऊन गेली म्हणून. का, हे मी विचारलं नाही. चिंगी दूध सोडून आत्याकडे बघायला लागली आणि तिच्या नळी लावलेल्या हाताकडे झेपायला लागली. त्या हाताला तिचं बोट धरता आलं नाही. बेडकीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तेव्हा.

"पुढे ढकलली," ती म्हणाली. "गोळ्या घेऊन."

तलावावरच्या मुली स्पर्धेच्या वेळी घेतात त्याच. कुणाच्या तरी मोठ्या बहिणीकडून आल्या होत्या. पाळी चार दिवस पुढे जाते, एवढंच. हिने मात्र त्यात स्वतःचं गणित घातलं होतं, आणि ते सांगताना तिच्या चेहऱ्यावर अजूनही थोडी हुशारी होती: कळा पाळीबरोबर येतात. पाळीच आली नाही तर कळाही येणार नाहीत. परीक्षा पार पडेल, मग येऊ दे दोन्ही. रोगावरचं औषध थोडंच होतं ते, तारीख सरकवायची गोळी होती. कुणी विचारलं, औषध काही घेतेस का, तर ती खरेपणाने नाही म्हणत होती.

"आणि आता? कळा तर आल्याच," मी म्हटलं.

"आल्या. त्यात पाळीपण आली असती तर मी मेलेच असते, म्हणून..."

ती थांबली. मी चिंगीला खांद्यावर घेतलं. म्हणून काय, मी विचारलं, आणि मला उत्तर आधीच कळलं होतं.

पोहायच्या चष्म्याची डबी तिने उशाखाली ठेवली होती. उदास वाटू नये म्हणून जवळ हवी असं तिने आईंना सांगितलं होतं, आणि झडती घेणाऱ्या आमच्या आईंनी ती कौतुकाने स्वतःच्या हाताने तिथे ठेवली होती. डबीत चष्म्याच्या खाली गोळ्यांची पट्टी. दिवसाला तीन. बोटांत जोर नव्हता म्हणून सकाळची गोळी तिला शेजारच्या आजींनी फोडून दिली होती.

ती म्हणाली, आईला सांगू नकोस. लग्न न झालेल्या मुलीकडे असली गोळी, तिला काय काय वाटेल. मी म्हटलं, वाटू दे. मी तिला कसलंच वचन दिलं नाही. चिंगीला तिच्या कुशीत ठेवलं, एक बाजू उशीने अडवली आणि पट्टी मुठीत धरून धावत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. हीच, म्हणाल्या. हे संप्रेरक या आजारात आगीत तेल आहे. आजपासून बंद. पाळी येईल, कदाचित कळाही थोड्या वाढतील, पण आता औषधाला काम करता येईल. पाळीच्या वेळी येणाऱ्या झटक्यांना आवर घालायला वेगळे उपाय असतात, तज्ज्ञांच्या नजरेखाली. "तिने मला विचारायचं तरी. पण पाळीचं मीही तिला आईसमोरच विचारलं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी स्वतःलाच सांगितलं असावं.

आम्ही दोघी खोलीत आलो तर आई परतल्या होत्या. मी त्यांच्यासमोर पट्टी धरली आणि काय झालं ते सांगितलं, काही झाकलं नाही. त्यांनी सवयीने पट्टी उलटी केली, डोळ्यांजवळ नेली, नाव वाचलं. मला वाटलं आता भडकणार. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

"मला विचारलं असतंस तर?" त्या लेकीला म्हणाल्या.

"तर घेऊ दिली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

चिंगीने तेवढ्यात आत्याच्या नळीची चिकटपट्टी तोंडात घालायचा प्रयत्न केला, मी तिला उचललं. आईंनी पिशवीतून माझी टॉनिकची बाटली काढून माझ्याजवळ ठेवली. माफीबिफी काही नाही. दुपारची घेतली नसशील, एवढंच म्हणाल्या.

पाळी दोन दिवसांनी आली. ती रात्र वाईट गेली, त्याबद्दल मला लिहायचं नाही. त्यानंतर मात्र आकडे मोजताना ती रोज थोडी पुढे जायला लागली. हात अजून उशीवरून वर येत नव्हता. परीक्षेचा दिवस होऊन गेला, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग एका सकाळी नवीन सिस्टर मळमळीची गोळी घेऊन आल्या. आम्ही तिघीही तिथेच होतो. आईंचा हात सवयीने पुढे झाला, आणि माझं लक्षही त्या गोळीकडेच. बेडकीने ओठ मिटले आणि मान बाजूला केली.

"नाव काय हिचं?" तिने सिस्टरांना विचारलं. "मला पोर्फिरिया आहे. मला चालते का ही?"

डॉक्टरांनीच लिहिलीय, सिस्टर जरा तुटकपणे म्हणाल्या. असेल, बेडकी म्हणाली, तरी एकदा बघून सांगा. सिस्टर कपाळाला आठ्या घालून गेल्या. आईंनी पुढे केलेला हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. त्या माझ्याकडे बघत होत्या, मी त्यांच्याकडे, आणि आम्ही दोघींनी तोंड उघडलं नाही, हे आमच्या घराच्या मानाने फार झालं. सिस्टर परत आल्या. यादीत बघून आलेय, म्हणाल्या, चालते तुम्हाला.

"मग द्या," बेडकी म्हणाली आणि तोंड उघडलं. पेला आईंनी धरला.