मागं जागा हाय

डालगं गल्लीतून चालत निघालं, तेव्हा शेजारच्या अनुसयाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. डालगं त्यांचंच. शेळीची करडं त्या त्याखाली झाकतात. कुत्र्याचं पिल्लूही तसंच झाका, हा सल्लाही त्यांचाच.

“करडू गपचीप बसतंय, पद्माबाई,” त्या आईला म्हणाल्या. “ह्ये तर घरच घेऊन चाललंय.”

मी धावत जाऊन डालगं उचललं. खाली पासिंजर शेपूट हलवत उभा.

हे नाव बाबांनी ठेवलेलं. ते वसमत आगारात कंडक्टर होते, सिद्धेश्वरच्या गाडीवर. निवृत्तीनंतर दामटायला गर्दी उरली नाही, म्हणून त्यांनी पिल्लू आणलं. मी नांदेडहून जाळीचा पिंजरा पाठवला आणि पिल्लाला आत आपणहून बसायची सवय लावा, दार घाईनं लावू नका, असं फोनवर समजावलं. लेकराला जेलात टाकता का, म्हणून आई भांडली. बाबांनी आत गोधडी अंथरली, पिंजऱ्याला एसटी म्हणू लागले आणि तिकिटं टोचायचा जुना चिमटा जाळीवर वाजवून ओरडू लागले, “चला, पुढं सरका, मागं जागा हाय.” पिल्लू आत गेलं की भाकरीचा तुकडा. मग ते हात आत ठेवून त्याच्याजवळ बसून राहायचे. घरात काहून बोंबलता, असं आई रोज म्हणायची.

गेल्या महिन्यात बाबा गेले. तेव्हापासून पासिंजर पिंजऱ्याकडे फिरकला नाही. उद्यापासून आईला अंगणवाडीत कामावर जायचं होतं, मला नांदेडला परतायचं होतं. घरी एकटा मोकळा ठेवावा, तर बसचा आवाज आला की तो रस्त्यावर धावायचा. परवा ट्रकखालून थोडक्यात वाचला. दोर दातानं तोडायचा. आज पिंजऱ्यात बसला नाही, तर संध्याकाळी बाळापूरचे मेंढ्यावाले मसाजी त्याला घेऊन जाणार होते. आईनंच त्यांना तसं कळवलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

मी भाकरी दाखवली, बिस्किट दाखवलं. चिमटा वाजवून बाबांची आरोळीही दिली. पासिंजरनं कान टवकारले, माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

“तुह्या आवाजात दम न्हाई,” चुलीजवळून आई म्हणाली. “अशानं एक म्हातारीबी सरकली नसती.”

“मग तू म्हण.”

“मी काय कंडक्टर हाय?”

थापलेली भाकरी तिनं तव्यावर टाकली, उलटली, शेकून काढली. मग पिठाच्या हातानंच येऊन माझ्याकडून चिमटा घेतला. जाळीवर दोनदा वाजवला.

“चला. पुढं सरका.”

पासिंजर उठून उभा राहिला.

“पुढं सरका, मागं जागा हाय!” हे गल्लीभर ऐकू गेलं.

“गाडी कुठं चालली हो?” भिंतीपलीकडून अनुसयाबाईंनी विचारलं.

“सिद्धेश्वरला,” आई म्हणाली.

पासिंजर आत गेला. गोधडीवर गोल फिरला आणि एका बाजूच्या जाळीला चिकटून बसला. बाबांचा हात असायचा तेवढी जागा रिकामी ठेवून.

आई बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकत खाली बसली आणि त्या जागेवर आपला हात ठेवला. त्यानं तिच्या बोटांवरचं पीठ चाटलं, तिथंच हनुवटी टेकवली. त्याचा डोळा लागल्यावर तिनं हात अलगद काढून घेतला, दार लोटलं, कडी लावली. त्यानं एक डोळा उघडला, आणि परत मिटला.

“मसाजीला फोन कर,” ती हळू म्हणाली. “गाडी भरली म्हणाव.”

चिमटा तिनं खुंटीला अडकवला नाही. कमरेला खोचला आणि उरलेल्या भाकरी करायला बसली.