दोन पट्ट्या

ट्रॉलरची केबिन डेकवरच्या खाचेत बसवली, तशी ती खुळखुळली.

रश्मीने बोटाने ढकलून पाहिली. केबिन उजवीकडे सरकली, मग डावीकडे. तिच्या बाबांच्या, देवरावांच्या, हातची वस्तू आजवर कधी खुळखुळली नव्हती. चंद्रपूरच्या एका फाउंड्रीत त्यांनी हयातभर लाकडाचे पॅटर्न घडवले. त्या पॅटर्नवर वाळूचा साचा धरायचा आणि साच्यात वितळलेलं पोलाद ओतायचं. निवृत्तीनंतर कोकणातल्या एका संग्रहालयासाठी ते मासेमारी बोटींच्या प्रतिकृती करू लागले, भद्रावतीच्या घरामागच्या पडवीत बसून, समुद्र कधीही न पाहता. तीन बोटी तिकडे काचेत उभ्या होत्या. ही चौथी, वीस मीटर लांबीच्या ट्रॉलरची. प्रमाण एकास पन्नास, म्हणजे बोट चाळीस सेंटिमीटरची.

या खेपेला बोट घेऊन तुम्हीच या, असा संग्रहालयाचा निरोप होता. बायनाबाईंनी नवऱ्याची बॅग दोनदा भरली. पहिल्यांदा भरलेली देवरावांनी रिकामी केली आणि कपडे बॅगेत कायले, म्हणून विचारलं.

"वय झालं व बाई," बायनाबाई लेकीला म्हणायच्या. "तुह्या आजाचंही असंच होतं. बकरी रानात सोडून नुसता दोर घेऊन घरी यायचा."

रश्मी हसायची. चष्मा, औषधाची वेळ, शेजाऱ्याचं नाव, हे सगळं बाबा विसरले तरी ती सोडून देत होती. ती पदार्थविज्ञान शिकलेली; पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. आणि तिच्याकडचा पुरावा उलट बाजूचा होता. बाबांनी पटाशी उचलली की हात अजून काही विसरत नव्हते.

तिने मोठा व्हर्निअर कॅलिपर काढला. केबिन आराखड्याप्रमाणे बरोबर भरली. बोटीचं धड मात्र चाळीस पॉइंट आठ सेंटिमीटर. डेकवरची खाच, जाळं ओढायच्या रहाटाची जागा, सगळं त्याच हिशेबाने मोठं. दोन टक्के.

आकडा दिसताच तिला कळलं. तरी तिने पुन्हा मोजलं.

पॅटर्नमेकरकडे दोन पट्ट्या असतात. एक साधी. दुसरीवर आकडे तेच, पण तिचा प्रत्येक सेंटिमीटर किंचित मोठा. ओतलेलं पोलाद थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न आधीच तेवढा मोठा ठेवायचा. बाबांच्या पट्ट्यांवरची ठशाची अक्षरं केव्हाच झिजली होती. रश्मी शाळेत असताना ते दोन्ही पट्ट्या शून्याला शून्य लावून तिच्यापुढे धरायचे. सुरुवातीचे आकडे जुळलेले, पुढे हळूहळू सुटत जाणारे, आणि तिसाशी तांदळाच्या दाण्याएवढं अंतर. "सांग, पोलादाची कोणती?"

सगळी बोट एकाच पट्टीने मोठी झाली असती, तर ती साधी चूक म्हणता आली असती. इथे धड एका पट्टीने केलं होतं, केबिन दुसरीने. हाताला येईल ती पट्टी बाबा उचलत होते.

देवराव अंगणातून आत आले. "काय मोजून राह्यली?"

"बाबा, केबिन ढिली बसून राह्यली."

"लाकूड आक्रसलं असन."

तिने दोन्ही पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. "यातली पोलादाची कोणती?"

हातांनी शून्याला शून्य जुळवलं, आपसूक. देवरावांची नजर आकड्यांवरून सरकत तिसाशी गेली आणि तिथेच थांबली.

"एक पट्टी खराब आहे," ते म्हणाले. "फेकून दे. कोणाचं तरी काम बिघडन."

"फेकू नको व," बायनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "या घरात यांचा एक रंधा जागचा हलला त दोन दिवस जेवत नाईत."

"माही नोहे ते पट्टी," देवराव हळूच म्हणाले.

माप चुकल्याचं कळवायला रश्मीने संग्रहालयाला फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी ती शिवणीच्या लाकडाचा तुकडा घेऊन पडवीत बसली. पोलादाच्या पट्टीने नवी केबिन केली, की सगळी बोट एका मापात येणार होती. बोटीखालच्या पाटीवर एकास पन्नासऐवजी एकास एकोणपन्नास लिहायचं. ते खोटं नव्हतं. बाबा समुद्र पाहतील आणि तिकडे कोणी त्यांना काही विचारणार नाही.

देवराव तिच्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ तिचे हात पाहत राहिले.

"दोन पट्ट्या काऊन घेतल्या?"

"पोलाद थंड होताना आक्रसते, बाबा. म्हणून ही पट्टी आधीच जास्त देते."

त्यांनी शून्याला शून्य लावलं. बोट तिसापर्यंत नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं नवल होतं.

"आधीच जास्त देते," ते म्हणाले. "हे कोणं शिकवलं तुले?"

"माह्या बाबानं."

"हुशार असन माणूस."

तिला पट्टीवरच्या रेघा दिसेनात. देवरावांनी पट्टीचं दुसरं टोक लाकडावर घट्ट दाबून धरलं आणि तिने रेघ ओढण्याची वाट पाहत बसले.