पोथीच्या पुठ्ठ्यातली खळ

योगिनी खडसे यांच्या पत्राला जिनदासजींनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी ते अर्धंच वाचलं होतं. पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'पुठ्ठा गव्हाच्या खळीनं चिकटवला असावा, हा तुमचा अंदाज तपासणीत टिकला नाही. चिकटात सापडलं ते...' आणि पान संपत होतं. दुसरं पान उलटायची जिनदासजींची छाती झाली नाही. त्यांनी पाकीट पुस्तकांमागे सरकवलं.

कारंजातल्या त्यांच्या घरी पणजोबांपासूनची एक हस्तलिखित पोथी होती. दर श्रुतपंचमीला, म्हणजे जैनांच्या ग्रंथपूजेच्या दिवशी, ती मंदिरात पूजेला जायची. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सहज म्हणालं, जुने बांधणीवाले पुठ्ठ्याला सरस लावत. सरस म्हणजे जनावराचं कातडं उकळून केलेला गोंद. तसं असेल तर पोथी देवापुढे ठेवायची कशी? जिनदासजींनी एका स्मरणिकेत लेख लिहून ठणकावलं, की ही गव्हाचीच खळ आहे. जन्मात एवढं एकदाच त्यांनी काही ठणकावलं होतं. तो लेख वाचून नागपूरच्या एका प्रयोगशाळेतून योगिनीबाई आल्या आणि सुटलेल्या पुठ्ठ्यातली तिळाएवढी खपली घेऊन गेल्या.

आता श्रुतपंचमी परवावर आली. पत्नी राजमतीबाई पोथीचं वेष्टन वाळत घालत होत्या.

"पोथी यंदा घरीच राहू दे," जिनदासजी पुटपुटले.

"काहून?"

मग पत्र बाहेर निघालं.

"दोन महिने? अन् दुसरं पान वाचलंच नाही? माह्या बाबाचं सोयरिकीचं पत्र तुमी असंच अर्धं वाचलं असतं, तं मी अजून शेलूबाजारलेच राह्यली असती!"

राजमतीबाईंनी चष्मा लावला आणि दुसरं पान मोठ्यानं वाचलं. योगिनीबाईंनी सोपं करून लिहिलं होतं. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र अतिसूक्ष्म कणांना विजेचा भार देतं आणि त्यांचं वजन काढतं. प्रथिनाचे तुकडे केले, की त्या तुकड्यांच्या वजनांवरून ते कातड्याचं की बियांचं, हे ओळखता येतं. वस्तू शंभर-दीडशे वर्षं जुनी असली तरी. 'कातड्याचा अंशही नाही. सापडलं ते चिंचोक्याचं प्रथिन. पण घरोघरी गहू असताना चिंचोक्यांचा खटाटोप कशासाठी? हे यंत्र सांगत नाही. तुम्ही सांगाल का?'

"सरस नाही?"

"नाही म्हन्ते ना बाई!"

"पुन्हा वाच."

जिनदासजींनी तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या खेपेला ते लहान पोरासारखे हसले, आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "पण मी तर गहू छापून बसलो. अन् चिंचोके काहून, ते मले काय माहीत?"

"मले इचारा ना! माही आजी पोथ्यायले चिंचोक्याचीच खळ लावे. भाजाचे, टरफलं काढाचे, दळून शिजवाचे. ती म्हने, गव्हाच्या खळीले कसर लागते. मंग पोथी झाडा, किडे मारा. ते पाप कोनं घ्यावं?"

"तू कधी बोलली नाही."

"तुमी पुस्तकातून मान वर काढली असती तं बोलली असती."

उत्तराचे चार मसुदे फाटले. "लेख नाही लिहाचा, पत्र लिहाचं हाय," राजमतीबाईंनी पाचव्याच्या वेळी बजावलं. मग जिनदासजींनी लिहिलं, 'गव्हाचा अंदाज माझा होता, तो चुकला. चिंचोक्यांचं कारण माझ्या पत्नीला ठाऊक आहे, ते तिच्याच शब्दांत खाली देतो. तुमच्या यंत्रामुळे मी तिला विचारायला शिकलो. उशीर झाला, कारण मी घाबरलो होतो.' आणि खाली तिचं पूर्ण नाव.

श्रुतपंचमीच्या सकाळी पोथी चौरंगावर विराजली. कुणी काही विचारायच्या आत जिनदासजींनीच चिंचोक्याची हकीकत सांगितली; इतक्या मोठ्या आवाजात, की राजमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. परतीच्या वाटेवर पोस्टाची लाल पेटी होती. जिनदासजींनी उत्तराचं पाकीट फटीत घातलं, पण बोटं सुटेनात.

"सोडा आता!"

त्यांनी सोडलं.