आतोबांचा निळा नकार

मृत्यूनंतरही पित्याची नजर आपल्या लेकरावर असते, हे सत्य आमच्या आत्याच्या बैठकीच्या खोलीत, एका रविवारी दुपारी, तेवीस माणसांच्या साक्षीने सिद्ध झाले. ही नजर डीव्हीडी प्लेअरमधून येते आणि तिला वीज लागते, एवढाच काय तो तिचा कमीपणा.

एका पंख्याखाली तेवीस माणसे मावली हाही चमत्कारच, पण त्याचे कुणाला काही नव्हते. सगळे टीव्हीकडे बघत होते. टीव्हीत आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, हातात माईक घेऊन उभे होते. त्यांच्या निवृत्तीचा समारंभ. पुढच्याच वर्षी ते गेले. चालतेबोलते आतोबा उरले ते या एका डिस्कवर.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून छकुली आली. छकुली ही आत्याची एकुलती एक मुलगी. वय सव्वीस, शिक्षण हवामानशास्त्राचे, नाव मात्र अजून छकुलीच. ती सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, तिच्या नेहमीच्या जागी बसली, आणि पडदा निळा झाला. आतोबांचा आवाज चालू; आतोबा गायब.

"गेले!" शेजारच्या काकू किंचाळल्या.

"गेले नाहीत," लहरीगुरू शांतपणे म्हणाले. "तोंड फिरवलं."

लहरीगुरू पूर्वी घरोघर पाणी शुद्ध करायची यंत्रे विकत. पुढे त्यांच्या लक्षात आले, की माणसांच्या लहरी शुद्ध करायला यंत्रही लागत नाही. ते स्वतःची चटई घेऊन येत आणि जमिनीवरच बसत, कारण सोफ्यातून लहरी चढत नाहीत.

"आवाज म्हणजे प्रेम," ते सांगू लागले. "ते चालू आहे. चित्र म्हणजे संमती. ती बंद आहे. आणि निळा हा नकाराचा रंग."

"आमच्याकडे तुम्ही हिरवा सांगितला होता," काकू म्हणाल्या.

"तुमच्याकडे सासूबाईंचा नकार होता. सासूंचा हिरवाच असतो."

यावर बऱ्याच सुनांनी माना डोलावल्या.

भानगड अशी होती, की छकुलीला दूरच्या शहरातल्या वेधशाळेत नोकरी लागली होती आणि होकार सोमवारी कळवायचा होता. आत्या आधी खुशीत होती. पण दोन आठवड्यांपूर्वी तिने डिस्क लावली, छकुली येऊन बसली आणि आतोबा निळे झाले. छकुली उठून गेली, आतोबा परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काकूंनी लहरीगुरूंना आणले. त्यांनी निदान केले: मुलगी घर सोडणार म्हणून वडील नाराज. उपाय: नोकरीला नकार, आणि वर्षभर दर रविवारी लहरीशुद्धी.

"ह्यांची संमती नसेल तर मी तिला कशी पाठवू रे?" असे म्हणत आत्या रोज रडत होती. आणि आईला असे रडत ठेवून छकुली जाणार नव्हती.

आता माझ्याविषयी. मी आत्याचा भाचा, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. अंधश्रद्धेवर माझी तीन भाषणे कायम तयार असतात: दहा मिनिटांचे, वीस मिनिटांचे, आणि प्रमुख पाहुणे उशिरा येणार असतील तर पाऊण तासाचे. शिवाय हा प्लेअर दोन आठवड्यांपूर्वी मीच आणून जोडून दिला होता. आत्याचे गुडघे दुखतात, टीव्हीपाशी वाकवत नाही, म्हणून तो तिच्या वेताच्या खुर्चीशेजारच्या टीपॉयवर ठेवला होता. त्या दिवशी "भाचा असावा तर असा" असे आत्या चारचौघांत म्हणाली होती. तेव्हा पाखंडाचा पराभव करायला माझ्याइतका लायक माणूस घरात दुसरा नव्हता.

मी प्लेअर पुसला. आतल्या भिंगावर फुंकर मारली. डिस्क साबणाने धुतली. प्लेअर बंद करून चालू केला, चालू करून बंद केला, उलटा केला, आणि कुणी बघत नाही असे पाहून एक चापटीही मारली. एकटा बसून बघितले तर चित्र स्वच्छ. छकुली आली की निळे.

मग मी शास्त्राला शरण गेलो. वही आखली. तारीख, वेळ, खोलीत कोण, पंखा चालू की बंद, बाहेर ऊन की ढग. दहा दिवसांत चित्र चौदा वेळा गेले. त्यातल्या तेरा वेळा छकुली हजर. चौदावी नोंद 'निरीक्षणातील त्रुटी' म्हणून मी खोडली, कारण ती बाकीच्यांशी जुळत नव्हती. हे मी विद्यार्थ्यांना करू देत नाही.

तर त्या रविवारी, पडदा निळा आणि खोली चिडीचूप असताना, मी छकुलीच्या कानाशी लागून म्हणालो, "मी म्हणत नाही हे खरं आहे. पण आकडे आकडेच असतात. एखादं वर्ष थांबलीस तर?"

तिने माझ्याकडे असे बघितले, की मला तिन्ही भाषणे एकदम आठवली.

"दादा, तू पण? वही दे इकडे."

तिने पाने उलटली. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवले. "या वेळी मी घरातच नव्हते. कोण होतं?"

"मी. पण ती त्रुटी आहे."

"काय करत होतास?"

"निघालो होतो. मोजे घालत होतो."

"कुठे बसून?"

मी तिच्याखालच्या जागेकडे बघितले. तो डावा कोपरा आतोबांचा होता. ते गेल्यापासून तिथे कुणी बसत नव्हते. पाहुणे आले तरी आत्या त्यांना उजवीकडे सरकवायची. बसायची ती फक्त त्यांची लाडकी लेक. आणि एकदा, मोजे घालायला, मी. वहीत मी माणसे लिहिली होती, पंखा लिहिला होता, ढगसुद्धा लिहिले होते. कोण कुठे बसले ते लिहिले नव्हते.

छकुली उठली. आतोबा परत आले.

"गुरुजी," ती गोड आवाजात म्हणाली, "जरा इथे बसता?"

"सोफ्यातून लहरी—"

"दोनच मिनिटं. बाबांना तुमच्याशी बोलायचं असेल."

तेवीस जोडी डोळे वळल्यावर गुरूंचा नाइलाज झाला. देह भरभक्कम होता. ते बसले, स्प्रिंगा कण्हल्या, आणि पडदा निळा झाला.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "ह्यांच्यावरही नाराज?"

गुरू ताडकन उठले, तरी आतोबा येईनात. मी सोफ्याखाली शिरलो. टीपॉयवरून टीव्हीकडे जाणारी वायर तिथून, तारेवरच्या कसरतीच्या दोरासारखी ताणून गेली होती. डाव्या कोपऱ्यात कुणी बसले की स्प्रिंग खाली येऊन तिला दाबायची, आणि टीव्हीमागचा चित्राचा पिवळा प्लग सैल व्हायचा. आवाजाचे दोन्ही प्लग घट्ट होते. गुरूंच्या वजनाने पिवळा पुरताच निघाला होता. मी बाहेर येऊन तो दाबून बसवला. माझ्या डोक्याला जाळे लागले होते. आतोबा आले.

"प्रेम आणि संमती, दोन्ही चालू," छकुली म्हणाली.

गुरूंनी चटई गुंडाळली. "आज इथल्या लहरी फार जड आहेत," असे म्हणाले आणि गेले.

मग आम्ही पहिल्यांदाच ते भाषण शेवटपर्यंत बघितले. आत्या श्वास रोखून बसली होती. आतोबा शेवटची नऊ मिनिटे कार्यालयातल्या पंख्याच्या आवाजाबद्दल बोलले. छकुलीचे नाव नाही, नोकरीचे नाही, आत्याचेही नाही.

"काहीच बोलले नाहीत गं," आत्या पुटपुटली. मग तिने डोळे पुसले. "आणि जिवंतपणी तरी तिला कधी अडवलं होतं त्यांनी? हवामान शिकायचं म्हणाली, तर फी भरून आले. मी बाई त्या निळ्या काचेला विचारत बसले. कळव गं उद्या, येते म्हणून."

माझे पाऊण तासाचे भाषण एवढ्यातच बसते. गेलेल्या माणसाचे मत हवे असेल तर तो जगला कसा ते आठवा. आणि यंत्र बिघडले तर आधी सोफ्याखाली बघा. तिथे बघायला गुरू लागत नाही, आणि भौतिकशास्त्रही लागत नाही.

वायर पाच फुटी होती. दुकानात दहा फुटीही होती; पाच पुरेल असे मीच सांगितले होते.